मान्यता नसलेल्या मिस्सेला गेलो, तर पाप लागते का?

बिशपांची मान्यता नसलेल्या धर्मगुरूने अर्पण केलेल्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, जावे की नाही, आणि गेलोच असू तर आता काय करावे, हा प्रश्न बेळगाव आणि खानापूर भागातील कॅथलिक कुटुंबांशी बोलताना माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत येतो. त्यांपैकी एक अनुभव येथे सांगत आहे. संबंधित बाईंची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई खानापूर तालुक्यातील निवृत्त शिक्षिका. झोप लागत नाही, या तक्रारीसाठी डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले होते. दुसऱ्या भेटीत त्यांनी सांगितले की कित्येक महिने त्यांनी कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेतलेले नाही. दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलाकडे त्या राहायला गेल्या होत्या, आणि तो त्यांना दर रविवारी भाड्याच्या सभागृहात होणाऱ्या लॅटिन मिस्सेला नेत असे. ती मिस्सा संत पायस दहावे यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे धर्मगुरू अर्पण करत. बाईंनी तेथे कुमसार (धर्मगुरूसमोर पापांची कबुली) केला, कम्युनियनही घेतले. गावी परतल्यावर जाऊबाईंना हे कळले आणि त्या म्हणाल्या, “ती मिस्साच नव्हे. तू पोपला सोडून आलीस.”

लहान गावातील चर्चमध्ये कम्युनियनच्या वेळी बाक रिकामे होतात आणि जो बसून राहतो तो सर्वांना दिसतो. बाई आधी शेवटच्या बाकावर बसू लागल्या, मग आडवारच्या, म्हणजे रविवार सोडून इतर दिवसांच्या, मिस्सेला जाऊ लागल्या, आणि पुढे रविवारीही जाणे टाळू लागल्या. जे पाप घडले की नाही याचीच खात्री नव्हती, त्याच्या भीतीने त्या खरोखरच चर्चपासून दूर जाऊ लागल्या होत्या, आणि मला अधिक काळजी वाटली ती याची.

नियमांकडे वळण्याआधी मी त्यांना विचारले, “तुम्ही तिथे का गेलात?” त्या म्हणाल्या की त्यांच्या आईला मिस्सेतील लॅटिन उत्तरे तोंडपाठ होती, आणि तेथे ती आठवत. थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, “ताई, आपल्याकडे मिस्सा कन्नडमध्ये हवी, कोकणीत हवी की मराठीत, यावरून माणसे दुखावतात. लॅटिन कोणाचीच नाही, म्हणून तिथे मन शांत राहिले.” सीमाभागात आयुष्य काढलेल्या माणसाची ही वेदना क्षुल्लक मानू नये, असे मला मनापासून वाटते, प्रार्थनेची भाषा हा येथे केवळ सोयीचा प्रश्न नाही. पोपपासून वेगळे होण्याचा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

चर्चच्या कायद्यात माझा अधिकार नाही, म्हणून बाईंच्या संमतीने मी त्यांची भेट तो विषय शिकलेल्या एका फादरांशी घडवून आणली. त्यांनी प्रथम हे स्पष्ट केले की लॅटिन भाषा हा दोष नाही. सध्याची मिस्साही लॅटिनमध्ये अर्पण करता येते, आणि १९६२च्या जुन्या विधीनुसार मिस्सा करायची असल्यास पोप फ्रान्सिस यांच्या २०२१च्या आदेशाप्रमाणे स्थानिक बिशपांची परवानगी लागते. प्रश्न आहे तो अधिकाराचा. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७०मध्ये स्थापन केलेल्या या संघात १९८८मध्ये पोपच्या आज्ञेविना चार बिशपांचा अभिषेक झाला आणि बहिष्काराची शिक्षा जाहीर झाली. त्या चौघांची शिक्षा २००९मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी उठवली, तरी संघाला चर्चमध्ये अधिकृत स्थान नाही आणि त्याचे धर्मगुरू आपली सेवा रीतसर करत नाहीत, असे त्यांनीच त्याच वर्षीच्या पत्रात लिहिले. असे असूनही त्यांची मिस्सा खोटी ठरत नाही, कारण धर्मगुरूची दीक्षा खरी असेल, तर अर्पणही खरे असते. रोममधील संबंधित आयोगाने २००३च्या एका उत्तरात म्हटले होते की अशा मिस्सेने रविवारचे कर्तव्य काटेकोर अर्थाने पूर्ण होऊ शकते. जुन्या विधीच्या भक्तीने गेल्यास पाप नाही, पोपपासून फारकत दाखवण्यासाठी गेल्यास मात्र आहे. तरीही तेथे जाण्याची शिफारस आयोगाने केली नव्हती.

बाईंना सर्वाधिक भीती होती ती तेथे केलेल्या कुमसाराची. पापमुक्ती देण्यासाठी दीक्षेबरोबर अधिकारही लागतो, आणि पोप फ्रान्सिस यांनी तो या संघाच्या धर्मगुरूंना चर्चने पाळलेल्या ‘करुणा वर्षा’पुरता दिला व नोव्हेंबर २०१६मध्ये पुढेही चालू ठेवला. त्यामुळे त्यांचा कुमसार व्यर्थ गेला नव्हता. ही सवलत मात्र सर्वांना लागू नाही. निलंबित होऊन स्वतंत्रपणे संस्कार देणारा धर्मगुरू मरणासन्न माणसाला पापमुक्ती देऊ शकतो, पण एरवी त्याच्याकडे तो अधिकार नसतो. आणि ज्याची दीक्षाच संशयास्पद आहे किंवा जो पोपचे पद रिकामे आहे असे शिकवतो, त्याच्या मिस्सेपासून दूर राहावे, असे मीही स्पष्टपणे सांगते. ‘मान्यता नसलेली मिस्सा’ असे ऐकले, की ती नेमकी कोणाची, हे आधी विचारावे.

गंभीर पापासाठी विषय गंभीर असावा लागतो, पूर्ण जाणीव लागते आणि मनापासूनची संमती लागते. बाईंजवळ जाणीवही नव्हती आणि फारकतीची संमतीही नव्हती. हे ऐकून त्यांची भीती लगेच गेली नाही. शंकेची सवय लागलेले मन तेच उत्तर पुन्हा मागते, आणि दर वेळी नव्याने खात्री देत राहिल्यास शंका अधिकच बळावते. म्हणून फादरांनी आणि मी ठरवले की उत्तर एकदाच द्यायचे. बाईंनी एकाच धर्मगुरूंचे मार्गदर्शन घ्यावे, तो विषय पुन्हा कुमसारात काढू नये, आणि मनात धाकधूक असली तरी येत्या रविवारी कम्युनियनला पुढे जावे, असे त्यांना सांगितले. त्या गेल्या. झोप सुधारायला आणखी बराच काळ गेला, आणि जाऊबाईंशी बोलणे त्याहून उशिरा सुरू झाले.

याच काळात मुलाचे लग्न ठरले आणि ते त्याच सभागृहात व्हावे असा त्याचा आग्रह होता. येथे मी बाईंना ठाम राहायला सांगितले. कॅथलिकांचा विवाह अधिकार असलेल्या धर्मगुरूसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर झाला नाही, तर सामान्यतः तो चर्चच्या दृष्टीने विवाहच ठरत नाही. मिस्सेला जाण्यापेक्षा ही बाब फार वेगळी आहे. संघातील विवाहासाठी स्थानिक बिशप अधिकार देऊ शकतात, अशी तरतूद २०१७मध्ये झाली आहे, पण तो आधी आणि लेखी घ्यावा. मुलगा प्रथम चिडला, मग आईसोबत गावच्या फादरांकडे गेला. बाप्तिस्म्याचा दाखला काढला आहे आणि अर्ज बिशपांच्या कार्यालयात दिला आहे. रविवारी तो अजूनही त्या सभागृहातच जातो. बाई त्याच्याकडे राहायला गेल्या, की जवळच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) मिस्सेला जातात, आणि दुपारी दोघे एकत्र जेवतात.