वाचकांचे प्रश्न : फेरेटच्या वाटीत काय असावे?

प्रश्न : आमचा नर फेरेट 14 महिन्यांचा आहे. आणल्यापासून तो मांजरांसाठीचे एकाच प्रकारचे कोरडे खाद्य खातो. पाकिटावरच्या घटकांत मका पहिला आणि कोंबडी दुसरी आहे. केळे आणि बेदाणे त्याला फार आवडतात, म्हणून रोज बक्षीस म्हणून दोन-तीन बेदाणे देतो. खास फेरेटसाठीचे खाद्य आणून पाहिले, पण त्याने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याला काय द्यावे आणि ते खायला कसे लावावे?

उत्तर : बेदाणे आजपासूनच बंद करावेत. बेदाण्यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि फेरेटच्या बाबतीत तो धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. केळ्यात तसे विष नाही, परंतु त्यातली साखर त्याच्या उपयोगाची नाही. एखादा पदार्थ त्याला आवडतो म्हणून तो त्याला मानवतो, असा अर्थ कृपया काढू नये.

फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला, पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. त्याचे आतडे आखूड असते, आंत्रपुच्छाकडचा जो पिशवीसारखा भाग इतर अनेक प्राण्यांत असतो तो त्याला नसतो, आणि खाल्लेले अन्न साधारण 3 ते 4 तासांत शरीराबाहेर पडते. एवढ्या वेळात धान्य, डाळी, भाज्या आणि फळे यांतून त्याला फारसे काही मिळवता येत नाही. उलट वनस्पतिजन्य प्रथिनांवर पोसलेल्या फेरेटला मूतखडे होण्याची शक्यता वाढते. म्हणून मका पहिल्या क्रमांकावर असलेले खाद्य मला त्याच्यासाठी योग्य वाटत नाही.

खाद्य निवडताना पाकिटाच्या दर्शनी भागावरील चित्रापेक्षा मागचा तक्ता वाचावा. प्राणिज प्रथिने 35 ते 40 टक्के, स्निग्धांश 20 टक्क्यांच्या आसपास आणि तंतुमय पदार्थ 3 टक्क्यांपेक्षा कमी असावेत, तसेच पहिले दोन-तीन घटक मांस, मासे किंवा अंडी हेच असावेत. कर्बोदकांचा आकडा बहुधा छापलेला नसतो, पण तो घरी काढता येतो. समजा, प्रथिने 38, स्निग्धांश 20, तंतू 3, पाणी 9 आणि राख, म्हणजेच खनिजांचा भाग, 7 टक्के आहे. यांची बेरीज 77 होते, तेव्हा उरलेले 23 टक्के हे मुख्यतः पिष्ट होय. दोन पाकिटांपैकी ज्यात हा उरलेला आकडा लहान, ते घ्यावे. डब्यातल्या ओल्या खाद्यावरचे प्रथिनांचे 10 टक्के पाहून मात्र दचकू नये, कारण त्यात 78 टक्के पाणी असेल तर उरलेल्या 22 भागांतले 10, म्हणजे सुमारे 45 टक्के, प्रथिनेच असतात. मांजराच्या पिलांसाठीचे उत्तम मांसप्रधान कॅट फूडही चालू शकते. कुत्र्यांचे खाद्य चालत नाही.

आता त्याच्या नकाराविषयी. फेरेट पहिल्या काही महिन्यांत ज्या वासांशी परिचित होतो, त्यांनाच पुढे अन्न मानतो. तुमच्या फेरेटने नवे खाद्य नाकारले हा हट्ट नाही. ते खाण्याचे आहे हेच त्याला ओळखू आलेले नाही. म्हणून जुन्या खाद्यात नव्याचा दहावा हिस्सा मिसळून सुरुवात करावी आणि दोन ते चार आठवड्यांत प्रमाण हळूहळू उलटे करावे. दाणे कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा केला की वास अधिक येतो. त्यातला बोटभर लगदा त्याच्या पुढच्या पंजावर लावा. पंजा स्वच्छ करण्यासाठी तो चाटतो, आणि नवी चव त्याच वेळी जिभेवर पडते. ‘भूक लागली की खाईल’ असे म्हणून वाटी रिकामी ठेवू नये, कारण या प्राण्याला दिवसभरात आठ-दहा वेळा थोडे थोडे खावे लागते. या काळात दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्यावे आणि विष्ठेवर लक्ष ठेवावे. तिच्यात बारीक दाणे दिसू लागले, तर अन्न नीट पचत नाही असे समजावे. ती काळी आणि डांबरासारखी चिकट असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे.

प्रश्न : घरीच कच्चे मांस द्यावे का?

उत्तर : देता येते, मात्र नुसते कोंबडीचे मांस म्हणजे पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम अपुरे असते, त्यामुळे मांसासोबत यकृत, हृदय यांसारखे अवयव आणि कच्ची, चावता येण्याजोगी हाडे योग्य प्रमाणात द्यावी लागतात. हे प्रमाण जाणकार पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे. शिजवलेले हाड कधीही देऊ नये, कारण त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. कच्च्या मांसातून साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू घरातल्या माणसांपर्यंतही पोचू शकतो, आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याने तो नाहीसा होत नाही. त्यातच फेरेट खाण्याचे तुकडे सोफ्याखाली, कपाटामागे लपवून ठेवतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असल्यास मी तयार खाद्याचाच सल्ला देईन.

प्रश्न : आमची 5 वर्षांची मादी अधूनमधून एकटक पाहत राहते, लाळ गाळते, तोंडाशी पंजे घासते आणि तिचे मागचे पाय डगमगतात. साखरेचे पाणी दिले की बरी होते. आहारात काय बदलावे?

उत्तर : आहाराचा विचार नंतर करू, आधी तिला तपासून घ्या. ही लक्षणे रक्तातील साखर उतरल्याची आहेत, आणि या वयात त्याचे नेहमी आढळणारे कारण स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणारी गाठ हे असते. झटका आला असता हिरड्यांना किंचित मध चोळावा, परंतु ती आचके देत असेल तर तोंडात बोट घालू नये. शुद्धीवर येताच मांसाचे खाद्य भरवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. साखरेचे पाणी पुन्हा पुन्हा दिल्याने गाठ अधिक इन्शुलिन सोडते आणि साखर पुन्हा घसरते. रक्ततपासणीसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवण्यास सांगितले, तर किती तास हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. कुत्र्या-मांजरांप्रमाणे तिला रात्रभर उपाशी ठेवणे धोक्याचे आहे.