जोखमीच्या कामांवरचे माहितीपट कितपत खरे मानावेत?

प्रश्न : खाणकामगार, पाणबुडे, खोल समुद्रात जाणारे मच्छीमार यांच्यावरचे माहितीपट मी आवडीने पाहतो. मात्र त्यांतले काही प्रसंग ठरवून घडवून आणलेले असतात, असे हल्ली वाचनात आले. हे चित्रण कितपत खरे मानावे आणि चांगला माहितीपट ओळखावा कसा?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ती फार जुनीही आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या १९३४ सालच्या ‘मॅन ऑफ अरान’मध्ये आयर्लंडजवळच्या अरान बेटांवरचे लोक लहानशा होडीतून अजस्र शार्कची शिकार करताना दिसतात. वास्तविक ही शिकार तेथे कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडली होती. ती बेटकऱ्यांना चित्रीकरणासाठी नव्याने शिकवावी लागली, आणि पडद्यावरचे कुटुंबही निरनिराळ्या घरांतली माणसे निवडून जुळवलेले होते. समुद्र तेवढा खरा होता. पोटासाठी जी जोखीम घेण्याची गरज उरली नव्हती, ती या माणसांना कॅमेऱ्यासाठी घ्यावी लागली, हे मला त्यातल्या बनावापेक्षाही अधिक खटकते.

माहितीपटाची पारख करताना मी पहिल्यांदा हे पाहतो, की त्यात काम दिसते की केवळ थरार. मिखाएल ग्लावोगर यांच्या २००५ सालच्या ‘वर्किंगमन्स डेथ’मध्ये इंडोनेशियातील कावा इजेन या ज्वालामुखीच्या विवरातून गंधक वाहून आणणारे मजूर आहेत. खांद्यावर कावड, तिच्या दोन्ही टोपल्यांत पिवळीधमक ढेकळे, भोवती घशाला झोंबणारा धूर आणि समोर उभी चढण. कॅमेरा त्यांच्या पाठोपाठ चालत राहतो, आणि कोणताही अपघात न दाखवताही हे काम शरीराची किती झीज करत असेल, ते पाहणाऱ्याला उमगते. बहुतेक जोखमीच्या कामांत माणूस असाच हळूहळू खचतो. धुळीने आणि वायूंनी फुप्फुसे निकामी व्हायला वर्षे लागतात, आणि थराराच्या मागे धावणाऱ्या मालिकांत त्यांना जागा मिळत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की ही जोखीम कोणाच्या निर्णयामुळे कामगाराच्या वाट्याला आली, हे तो माहितीपट विचारतो का. बार्बरा कॉपल यांच्या १९७६ सालच्या ‘हार्लन काउंटी, यूएसए’मध्ये केंटकीतील कोळसा खाणकामगारांचा संप आहे. कॉपल त्या कुटुंबांमध्ये जाऊन राहिल्या. संपकऱ्यांवर गोळीबार झाला तेव्हा त्यांचा कॅमेराही तेथेच होता. खाणीतला धोका, कोळशाच्या धुळीने निकामी झालेली फुप्फुसे, वेतन आणि करार हे सारे या चित्रपटात एकमेकांत गुंतलेले दिसते, आणि बोलतात ते कामगार व त्यांच्या घरातल्या स्त्रिया स्वतः. त्याला ऑस्करही मिळाले.

तेव्हा माहितीपट पाहणे मुळीच सोडू नका. पाहताना मात्र इतके जरूर तपासा, की धोका वाढल्यावर काम थांबवण्याचा अधिकार तेथे कोणाला आहे, आणि ते काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले आहे की त्याच्या वतीने निवेदकच बोलतो आहे.