हास्यक्लब आणि बाबांची बीपीची गोळी

तुमचे बाबा तीन महिन्यांपासून रोज सकाळी बागेतल्या हास्यक्लबला जातात. रोज हसलं की बीपी आणि शुगर दोन्ही बरे होतात, हे शास्त्रानेच सिद्ध केलंय, असं तिथे कोणीतरी सांगितलं आणि आता ते बीपीची गोळी सोडायचं म्हणतायत. यात तथ्य किती, असं तुम्ही विचारलंय. आधी उत्तर देते: गोळी सोडायची नाही, आणि क्लबही सोडायचा नाही. मी अकरा वर्षं हास्यक्लबला जाते, गेली काही वर्षं गट घेते, आणि निवृत्तीआधी शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यामुळे या विषयावरचं संशोधन हाती लागेल तसं वाचत आले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. डॉ. मदन कटारियांनी 13 मार्च 1995 ला मुंबईत लोखंडवालाच्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला, तेव्हा ते विनोद सांगून हसत असत. दोनेक आठवड्यांत विनोद संपले, काही विनोद लागट व्हायला लागले, म्हणून विनोद काढून टाकून नुसतंच हसायचं ठरलं. आपण करतो ते हे, यालाच हास्ययोग म्हणतात: श्वास, टाळ्या, जीभ बाहेर काढून सिंहहास्य, लस्सी प्यायचा अभिनय करत लस्सीहास्य. पण क्लबांत ज्या संशोधनाचे दाखले दिले जातात, त्यातलं बरंचसं विनोदी फिल्म बघून आलेल्या हसण्यावरचं आहे.

उदाहरणार्थ, नॉर्मन कझिन्स. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असं या अमेरिकन संपादकाने 1976 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ते खरं असेलही, पण तो एका माणसाचा अनुभव आहे. दुसरा लाडका दाखला मेरीलँड विद्यापीठातला. 20 निरोगी माणसांना विनोदी आणि ताण देणारी अशी दोन्ही प्रकारची दृश्यं दाखवली. हसल्यावर दंडातल्या रक्तवाहिनीतला प्रवाह सरासरी 22 टक्के वाढला, ताणानंतर 35 टक्के घटला. प्रयोग चांगलाच आहे. पण तो त्या तासाभराचं सांगतो. बीपीच्या रुग्णाचं सहा महिन्यांनंतर काय होतं, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

वेदनेचा पुरावा मला जास्त पटतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाला असं दिसलं की एकत्र बसून मनापासून हसलेल्या लोकांची वेदना सोसायची क्षमता वाढते. 2017 मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरात 12 पुरुषांना मित्रांसोबत हसवून त्यांच्या मेंदूचं पेट (PET) स्कॅन केलं, तेव्हा शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं स्रवल्याचं दिसलं. इथेही हसणं खरंच होतं आणि सोबत माणसं होती, हे विसरू नका.

आता खास हास्ययोगावरचं. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा प्रयोग तेहरानमधला आहे, 2011 साली प्रसिद्ध झालेला. नैराश्य असलेल्या साठीपुढच्या बायकांचे तीन गट केले. एकाने हास्ययोगाची दहा सत्रं केली, दुसऱ्याने तेवढाच सामूहिक व्यायाम केला, तिसऱ्याने काहीच केलं नाही. काहीच न करणाऱ्यांपेक्षा हसणाऱ्यांचं नैराश्य स्पष्ट कमी झालं. पण व्यायाम करणाऱ्यांचंही झालं, आणि त्या दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. आयुष्याबद्दलचं समाधान मात्र हास्यगटाचंच वाढलं. मी आमच्या गटात हा प्रयोग नेहमी सांगते. ‘फायदा झाला’ असं कोणी म्हणालं की ‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारायची सवय त्यामुळे लागते. पहाटे उठणं, चालत बागेत जाणं, मोकळी हवा, चार माणसं नावाने हाक मारतात, एक दिवस नाही गेलं तर फोन येतो. हे सगळं वजा करून नुसत्या हसण्याच्या नावावर किती उरतं, ते फार थोड्या प्रयोगांनी मोजलंय.

त्या सगळ्या प्रयोगांचे एकत्र आढावेही निघाले आहेत. 2018 च्या एका आढाव्यात निकषात बसणारे जेमतेम सहा प्रयोग सापडले. नैराश्यासाठी आशा दिसते, पण पुरावा कच्चा, असा त्याचा निष्कर्ष. 2019 च्या मोठ्या आढाव्यात तर मुद्दाम केलेलं हसणं विनोदाने आलेल्या हसण्यापेक्षा जास्त उपयोगी दिसलं. मला त्याचा आनंद झाला, पण मूळ प्रयोगांचा दर्जा कमी असल्याचं तेच संशोधक सांगतात.

कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, हसण्याने उतरतं असंही दिसलंय. 2023 च्या आढाव्यात आठ प्रयोगांवरून सुमारे 32 टक्के घट निघाली. इथे एक बारकावा आहे. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर थोड्याच वेळात सगळ्यात जास्त असतं आणि मग आपोआप उतरत जातं. त्यामुळे साडेसहाला आणि साडेसातला मोजून ‘बघा, कमी झालं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शेजारी न हसणारा गट मोजलेला हवा.

‘खरं हसणं आणि खोटं हसणं मेंदूला वेगळं कळत नाही’ हे वाक्य मी गट घेताना बोलत नाही. लंडनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलंय की ऐकणाऱ्याचा मेंदू या दोन हसण्यांना वेगवेगळा प्रतिसाद देतो. आमच्याकडे रोज दिसतं ते असं: पहिली पाच मिनिटं सगळे नुसता ‘हा हा’ आवाज काढतात, मग कोणाचं तरी खरंच फुटतं आणि ओळीने सगळ्यांना लागण होते.

तुलना नीट केली की दावा कसा भक्कम होतो, त्याचं एक उदाहरण सांगते. चीनमध्ये डोळ्यांच्या कोरडेपणावर 299 जणांचा प्रयोग झाला, तो 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांनी दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं हसण्याचा व्यायाम केला, अर्ध्यांनी नेहमीचे ड्रॉप्स घातले. आठ आठवड्यांनी हसणारे कुठे कमी पडले नाहीत. मला असा प्रयोग बीपीवर झालेला हवाय, गोळीशी थेट तुलना करून. बाबांनी गोळी सोडावी असं म्हणायला तेवढा आधार तरी लागेल.

आमच्या गटातल्या एका काकांनी कोणाला न विचारता दोन महिने गोळी बंद ठेवली होती. चेहरा टवटवीत, झोप छान, आणि एका शिबिरात मोजलं तर 180/110. त्यांना काहीच जाणवत नव्हतं. बीपी बऱ्याचदा जाणवतच नाही, म्हणून ‘मला बरं वाटतंय’ हा त्यात पुरावा धरता येत नाही.

बाबांना घरी मशीन आणून द्या. रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसून मोजायचं, क्लबहून आल्या आल्या नाही. जोरात हसताना बीपी थोडा वेळ वाढतंच. महिन्याची वही डॉक्टरांना दाखवा. आकडे खरंच उतरले असतील तर गोळी कमी करायची का, ते डॉक्टरच ठरवतील. आणि बाबांना हर्निया, काचबिंदू, नुकतंच झालेलं पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर गट घेणाऱ्यांना आधीच सांगायला लावा. मी अशा लोकांना ओळीच्या कडेला उभं करते आणि सिंहहास्याऐवजी मौनहास्य करायला सांगते.