गाडीच्या आतल्या पट्ट्यांना घरच्या घरी कार्बन फायबर रॅप करता येईल का?

येईल. मी आमच्या जुन्या हॅचबॅकच्या सात पट्ट्या ठाण्यात घरीच, जेवणाच्या टेबलावर बसून केल्या आहेत. पाच अजून जशाच्या तशा आहेत, दोन सुटल्या. तुम्ही लिहिलंय की चंदेरी पट्ट्यांवर ओरखडे पडलेत, व्हिडिओत दहा मिनिटांत काम होताना दिसतं, तेव्हा हीट गन घ्यावी का? हीट गनचं पुढे सांगतो. आधी एक पट्टी गाडीतून काढा, उलटी करा आणि पाठीमागे काय उमटवलंय ते वाचा.

बहुतेक प्लास्टिकच्या भागांवर मागच्या बाजूला बारीक रोमन अक्षरांत प्लास्टिकचा प्रकार लिहिलेला असतो. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर निम्मं काम झालं, त्यावर व्हिनाइलचा, म्हणजे रॅपच्या चिकट प्लास्टिक कागदाचा, गोंद छान धरतो. चंदेरी रंग दिलेल्या पट्ट्या बहुधा याच निघतात. पण पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल (कधी पुढे टी२० असतं, म्हणजे २० टक्के टाल्क) तर जरा थांबा. पीपीला कुठलाच गोंद मनापासून चिकटत नाही, आणि त्यावर चामड्यासारखी दाणेदार नक्षी असेल तर विचारूच नका. माझ्या सुटलेल्या दोन पट्ट्या दाराच्या खणाजवळच्या होत्या, दोन्ही पीपीच्या. हे मागे लिहिलेलं असतं हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. अशा ठिकाणी कडांना प्रायमर, म्हणजे गोंदाची पकड वाढवणारं द्रव, लावतात, थ्रीएमचा ९४ नंबरचा मिळतो, पण मी तर म्हणेन पीपी तसंच काळं राहू द्या.

आता कागदाबद्दल. तुम्ही ज्याला कार्बन फायबर म्हणताय ते कार्बनच्या विणीची नक्षी उठवलेलं व्हिनाइल आहे. थ्री-डी, फोर-डी, फाइव्ह-डी ही दुकानदारांची भाषा. आकडा वाढला की चकाकी वाढते, एवढंच. खरा फरक दुसरीकडे आहे. स्वस्त व्हिनाइल, ज्याला कॅलेंडर्ड म्हणतात, ते रोलरमधून लाटून काढलेलं असतं. चांगलं, म्हणजे कास्ट, ते ओतून केलेलं असतं. मैद्याची पुरी लाटून ठेवली की कशी हळूच आकसते? तसं लाटलेलं व्हिनाइल ऊन लागलं की आकसतं. धिरडं ओतलं तिथेच राहतं.

हे मला अकोल्याने शिकवलं. पहिल्या खेपेला मी स्वस्तातला रोल आणून सगळं केलं होतं, आणि दिसायलाही झकास झालं होतं. मे महिन्यात सासरी गेलो, गाडी आठवडाभर अंगणात उन्हात. अशा उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास सहज जातो. परत निघताना बघतो तर प्रत्येक पट्टीच्या कडेने दोन मिलिमीटर चंदेरी रेघ उघडी, आणि तिच्यावर चिकट डिंकाची काळी किनार. मेव्हण्याने मन लावून विचारलं, ‘ही डिझाइन मुद्दाम केलीय का?’ ती किनार काढायला दोन रविवार गेले. तेव्हा आधीच सांगतो, डिंक काढायला थिनर वापरू नका. थिनरने एबीएस विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सबुरी.

दुसऱ्या खेपेला कास्ट आणलं. हे रोल साधारण दीड मीटर पन्ह्याचे असतात आणि मापाने कापून मिळतात. तुमच्या पट्ट्यांना अर्धा मीटर पुरून उरेल. मागे हवा निघून जायला बारीक खाचा असलेलंच मागा. नाहीतर फुगे काढता काढता जीव जाईल.

चिकटवण्याआधीची तयारी कंटाळवाणी आहे आणि तीच टाळली जाते. तुम्ही किंवा सर्व्हिसवाल्याने डॅशबोर्डला कधी पॉलिश मारलं असेल तर त्यातलं सिलिकॉन पट्टीवर बसलेलं असतं. भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवा, मग अल्कोहोलने दोनदा पुसा. त्यानंतर बोट लावायचं नाही. ओरखड्याला नखाने जाणवण्याइतकी कड असेल तर ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने ती आधी बसवा. व्हिनाइल खालचं काही लपवत नाही, उलट उठवून दाखवतं. पंखा बंद ठेवा, आणि घरात मांजर असेल तर दारही.

सगळे तुकडे कापायच्या आधी विणीची तिरकी रेघ कोणत्या दिशेने जाते ते मागच्या कागदावर बाणाने लिहून ठेवा. माझ्या एका पट्टीची वीण उलटी आहे. कोणालाच दिसत नाही; मला रोज सिग्नलला दिसते.

मधून सुरुवात करा आणि बाहेरच्या बाजूला दाबत न्या, कापड लावलेल्या स्क्वीजीने, म्हणजे दाबायच्या चपट्या पट्टीने. जूनमध्ये पुस्तकांना ब्राऊन पेपरचं कव्हर घालायचो ते आठवा. पट्टीच्या कडेबाहेर सेंटिमीटरभर ठेवायचं, कोपऱ्याला चीर द्यायची, घडी मागे वळवायची. कापायचं ते मागच्या बाजूनेच. ब्लेड नवं हवं. खोलगट भागात व्हिनाइल आधी खळग्यात बसवा आणि मग बाजूंना आणा. वरून ताणून आत ढकललात तर ते दोन-चार दिवसांत तंबूसारखं वर येतं. ताणलेलं व्हिनाइल मूळ मापावर जायला बघतंच. म्हणून शेवटी वाकवलेल्या कडा पुन्हा गरम करून दाबतात, म्हणजे तो ताण मोडतो.

आता हीट गन. तिच्यातून ५०० अंशांच्या वर हवा येते आणि एबीएस १०० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. मी एसीच्या जाळीभोवतीची रिंग अशीच वाकडी केली. नवी रिंग कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टवाल्यांकडून आणावी लागली. जाताच आहात तर सरावासाठी एखादी फुटकी पट्टीही तिथूनच आणा. एवढ्या लहान कामाला घरातला हेअर ड्रायर पुरतो. बायकोला विचारून.

खऱ्या कार्बनच्या कापडाचा मोह होईल. मीही एक तुकडा करून पाहिला: काळा बेस, त्यावर कापड, त्यावर एपॉक्सीचे थर, मग दिवसभर ओलं घासणं. विणीला जी खोली, डेप्थ, येते ती व्हिनाइलला कधीच येत नाही. पण एपॉक्सीची राळ कपात जास्त कालवली तर कप हातात धरवेना इतका तापतो, आणि घासताना उडणारी धूळ आठवडाभर अंगाला खाजते. मास्क, हातमोजे आणि गच्ची नसेल तर नको. मॅकलरेनने १९८१ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीचा सांगाडा कार्बनचा केला तो वजन आणि मजबुतीसाठी. आपण जुन्या प्लास्टिकवर आणखी थर चढवून गाडीचं वजन वाढवतो. असो, हौस आहे.

एअरबॅगच्या बाबतीत मात्र हौस नको. स्टीअरिंगच्या मधला भाग आणि समोरच्या प्रवाशापुढची झडप यांवर काहीही चिकटवू नका. ती ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवी. जवळपासची पट्टी काढायची असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ जाऊ द्या. इग्निशन चालू असताना एअरबॅगची पिन निघाली तर मीटरवरचा दिवा पेटून राहतो आणि तो घालवायला स्कॅनरवाला गाठावा लागतो.

आणि डॅशबोर्डच्या वरच्या भागाला चकाकीचं व्हिनाइल लावायचा विचार असेल तर सोडा, दुपारी सगळी वीण समोरच्या काचेत दिसते. मॅट घ्या.

पट्टीमागे काय लिहिलंय ते कमेंटमध्ये टाका, मग कोणती करायची आणि कोणती सोडायची ते सांगतो.