वाचकांचे प्रश्न : चेहरा उचलून धरणाऱ्या पट्ट्या, पट्टे आणि यंत्रे

लग्नसराई तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. शस्त्रक्रियेविना चेहऱ्याची सैल त्वचा काही काळ वर ओढून धरणाऱ्या साधनांविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरे त्वचारोगतज्ज्ञांची आहेत.

प्रश्न : माझे वय छप्पन्न वर्षे असून पुढील महिन्यात मुलाचे लग्न आहे. गालांखालची त्वचा ओघळल्यामुळे छायाचित्रांत चेहरा थकलेला दिसतो. केसांत लपणारी, दोरी असलेली पारदर्शक चिकटपट्टी ऑनलाइन मिळते. तिचा खरोखर उपयोग होतो का, आणि ती काढल्यावर त्वचा पूर्वीपेक्षा अधिक लोंबेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : उपयोग होतो, मात्र तो पट्टी लावलेली असेपर्यंतच टिकतो. या साधनाची रचना अगदी साधी आहे. कानासमोर, कपाळाच्या कडेला किंवा कानामागे केसांच्या रेषेलगत पातळ पारदर्शक पट्टी चिकटवतात, तिला जोडलेली लवचीक दोरी केसांखालून डोक्याच्या मागच्या किंवा वरच्या बाजूला नेतात आणि तेथे ती दुसऱ्या बाजूच्या दोरीत अडकवतात. चेहऱ्यावरची सैल त्वचा त्यामुळे मागे व वर सरकते आणि जबड्याची कडा पुन्हा रेखीव दिसू लागते.

उतारवयात चेहरा ओघळतो तो केवळ त्वचा सैल झाल्यामुळे ओघळत नाही. त्वचेला घट्ट व लवचीक ठेवणारी कोलॅजन आणि इलॅस्टिन ही प्रथिने कमी होतात, गालांतील चरबीच्या गाद्या खाली सरकतात, त्यांना धरून ठेवणारे तंतुबंध सैलावतात आणि चेहऱ्याच्या हाडांचीही हळूहळू झीज होते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या 5 वर्षांत स्त्रियांच्या त्वचेतील कोलॅजन सुमारे 30 टक्क्यांनी घटते असे मानले जाते, त्यामुळे पन्नाशीनंतर हा बदल एकाएकी झाल्यासारखा वाटतो. पट्टी यांपैकी फक्त सर्वांत वरच्या थराला हात घालते. म्हणूनच जबड्याची कडा, मानेच्या बाजू आणि भुवयांची टोके यांवर तिचा परिणाम चांगला दिसतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणाऱ्या घडीवर तो बेताचाच असतो आणि डोळ्यांखालच्या फुगवट्यावर मुळीच होत नाही. विक्रीच्या चित्रांत हा शेवटचा फुगवटाही नाहीसा झालेला दाखवतात, तिकडे दुर्लक्ष करावे.

काही तासांच्या ताणाने त्वचा कायमची सैल होत नाही. थोडा वेळ ओढून सोडलेली त्वचा आपल्या मूळ जागी परत येते. नुकसान होते ते वेगळ्या वाटेने, म्हणजे गोंदामुळे आणि केसांवर पडणाऱ्या ओढीमुळे. आपल्याकडील स्त्रियांना गोंदाची गोष्ट नवी नाही. टिकलीच्या जागी कपाळावर खाज, लाली आणि पुढे पांढरा डाग पडलेल्या रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमी येतात. काही टिकल्यांच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल या जातीची रसायने त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतात, हे त्यामागचे कारण. चेहऱ्याच्या पट्ट्यांमध्ये बहुधा अॅक्रिलेट गोंद असतो, तरीही ज्यांना टिकलीचा किंवा जखमेवरच्या चिकटपट्टीचा त्रास झालेला आहे त्यांनी या फंदात पडू नये. इतरांनी लग्नाच्या किमान आठवडाभर आधी पट्टीचा लहान तुकडा कानामागे लावून पाहावा आणि पुढचे दोन-तीन दिवस त्या जागेकडे लक्ष ठेवावे, कारण अशी अॅलर्जी लगेच न दिसता बऱ्याचदा 48 ते 72 तासांनी उमटते.

आता कार्यक्रमाचा क्रम पाहू. हळदीच्या दिवशी पट्टीचा विचारच करू नये, कारण तेल आणि हळद लागलेल्या त्वचेवर ती धरणार नाही. हळद घासून काढून त्याच संध्याकाळी सीमांतपूजनाला पट्टी लावणेही टाळावे, कारण घासलेल्या त्वचेवरून पट्टी काढताना वरचा थर सोलला जातो. रेटिनॉल किंवा तत्सम मलम वापरत असाल तर ते आठवडाभर आधी थांबवावे. पट्टी लावण्यापूर्वी चेहरा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. क्रीम, सनस्क्रीन आणि फाउंडेशन पट्टी बसल्यानंतर लावावे. ओढ बेताची असावी. आरशासमोर नुसते उभे न राहता हसून, बोलून आणि मान वळवून पाहावे, कारण स्थिर चेहऱ्यावर ठीक दिसणारी ओढ हसताना कानासमोर उभ्या चुण्या पाडते आणि डोळ्यांचे कोपरे तिरके करते. वरमाईला दिवसभर हसायचे आणि बोलायचेच असते.

केशरचना आधी ठरवावी. घट्ट अंबाड्याच्या वेळी कानावरचे केस मागे ओढले जातात आणि पट्टीची कड उघडी पडते. त्यापेक्षा कानांवरून केस सैल घेऊन मागे बांधलेला अंबाडा आणि त्यावर गजरा अधिक सोयीचा. केस विरळ असतील तर दोरी लपवणे अवघड जाते, आणि अशा वेळी मला तरी पट्टीपेक्षा चांगला रंगभूषाकार हा शहाणपणाचा खर्च वाटतो.

सकाळच्या मुहूर्ताला लावलेली पट्टी रात्रीच्या स्वागत समारंभापर्यंत ठेवू नये. मध्ये ती काढून त्वचेला विश्रांती द्यावी. काढताना कडेने खोबरेल तेल किंवा बेबी ऑइल मुरू द्यावे आणि एका हाताने त्वचा दाबून धरत पट्टी त्वचेला समांतर, लवेच्या दिशेने सावकाश सोडवावी. सावळ्या त्वचेवर ओरखड्याचा काळा डाग महिनोन्महिने रेंगाळतो, म्हणून घाईने ओढून काढू नये.

प्रश्न : मी हौशी रंगभूमीवर काम करतो. जुन्या नट-नट्या शस्त्रक्रियेविना तरुण दिसण्यासाठी हीच युक्ती वापरत असे म्हणतात. ते खरे आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : खरे आहे. आज 'नवे संशोधन' म्हणून विकली जाणारी ही वस्तू मुळात रंगपटातली आहे. तलम जाळीचा छोटा तुकडा स्पिरिट गम या रंगभूषेच्या गोंदाने कानाजवळ चिकटवायचा, त्याला दोरा किंवा इलॅस्टिक बांधायचे आणि टोपाखाली ओढून गाठ मारायची, ही हॉलिवूडच्या रंगभूषाकारांची परिचित पद्धत होती. जर्मन-अमेरिकन अभिनेत्री व गायिका मार्लेन डीट्रिच हिने उतारवयातील कार्यक्रमांसाठी टोपाखाली केसांच्या घट्ट वेण्या आणि चिकटपट्ट्या वापरल्याचे सर्वज्ञात आहे. दाढीमिशा चिकटवण्यासाठी आपल्याकडील रंगभूषाकार जो स्पिरिट गम वापरतात तोच येथेही चालतो. फक्त तो काढण्याचे द्रावण डोळ्यांपासून दूर ठेवावे लागते. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेत घामाने कोणतीही पट्टी सुटते, तेव्हा दुसऱ्या अंकाआधी ती तपासण्याची सवय ठेवावी.

याच निमित्ताने एक फरक नोंदवतो. कपाळाच्या आठ्यांवर रात्री चिकटवायच्या कागदी पट्ट्या अमेरिकेत 1889 पासून 'फ्राउनीज' या नावाने विकल्या जातात. त्या त्वचा वर उचलत नाहीत. स्नायू आकसू नये म्हणून ती जागा स्थिर ठेवतात, आणि सकाळी पट्टी निघाल्यावर आठ्या तेवढ्यापुरत्या सौम्य दिसतात. लोंबणाऱ्या गालांसाठी त्यांचा काही उपयोग नाही.

प्रश्न : दुहेरी हनुवटीसाठी रात्री बांधायचा पट्टा घेतला आहे. सकाळी फरक दिसतो, दुपारपर्यंत जातो. नेटाने वापरल्यास तो टिकेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टिकणार नाही. पट्ट्याच्या दाबाने ऊतींतील पाणी तेवढ्यापुरते बाजूला सरते आणि आपण उठून हिंडूफिरू लागलात की ते परत येते. चरबी दाबाने वितळत नाही. हनुवटीखालील चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर असाच पट्टा सूज आवरण्यासाठी बांधतात, त्या ओळखीवर हा बाजार उभा आहे. आपण मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा नाक चोंदत असेल तर तोंड मिटवून ठेवणारा पट्टा रात्री बांधूच नये.

प्रश्न : अंड्याचा पांढरा भाग लावल्यावर चेहरा ताणल्यासारखा होतो. महागडे 'इन्स्टंट लिफ्ट' सीरमही तेच करते का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तत्त्व तेच. अंड्यातील अल्ब्युमिन वाळताना आकसते आणि त्वचेवर पातळ पापुद्रा धरते. सीरममध्ये हेच काम सिलिकेट क्षार करतात व पापुद्रा अधिक टिकाऊ होतो. बारीक सुरकुत्या आणि डोळ्यांखालची हलकी पिशवी काही तास सपाट दिसते, ओघळलेला गाल मात्र उचलला जात नाही. कोकणातील दमट हवेत हा पापुद्रा लवकर सुटतो आणि जास्त लावल्यास पांढरी पूड दिसते.

प्रश्न : घरगुती मायक्रोकरंट यंत्र घ्यावे की पार्लरमध्ये 'हायफू' करून घ्यावे? दोन्ही ठिकाणी 'शस्त्रक्रियेविना फेसलिफ्ट' असेच लिहिलेले आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाव एकच असले तरी या दोहोंमध्ये फार अंतर आहे. मायक्रोकरंट यंत्र जेल लावलेल्या त्वचेतून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडते. त्यानंतर चेहरा काही वेळ तरतरीत दिसतो, सूज उतरल्यासारखी वाटते, आणि तो परिणाम टिकवण्यासाठी यंत्र सतत वापरत राहावे लागते. हृदयासाठी पेसमेकर बसवलेल्यांनी, अपस्माराच्या रुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ते वापरू नये. यंत्राइतकाच वेळ देण्याची तयारी असेल तर चेहऱ्याच्या व्यायामाचाही विचार करता येईल. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात 20 आठवडे व्यायाम केलेल्या मध्यमवयीन स्त्रियांचे दिसणारे वय सरासरी 50.8 वरून 48.1 वर आले. मात्र सुरुवातीच्या 27 जणींपैकी 16 जणींनीच तो पूर्ण केला आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवूनच त्याकडे पाहावे.

'हायफू' म्हणजे एका बिंदूवर केंद्रित केलेल्या ध्वनिलहरी. त्या त्वचेखाली 1.5 ते 4.5 मिलिमीटर खोलीवर ऊतींचे तापमान क्षणभर 60 ते 70 अंश सेल्सियसपर्यंत नेतात. तेथील कोलॅजन आकसते आणि पुढे जखम भरून येताना नवे कोलॅजन तयार होते. सर्वांत खोल बिंदू त्याच तंतुमय थरापर्यंत पोहोचतो, जो शस्त्रक्रियेच्या फेसलिफ्टमध्ये शल्यविशारद ओढून शिवतात. या तंत्रावरील 'अल्थेरपी' यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 मध्ये भुवया उचलण्यासाठी मान्यता दिली. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, तो सौम्य असतो आणि साधारण वर्षभरानंतर ओसरू लागतो. त्यामुळे पुढच्या आठवड्यातील समारंभासाठी हा उपाय निरुपयोगी आहे.

माझा आक्षेप यंत्रापेक्षा जागेवर आहे. जबड्याच्या कडेवरून खालच्या ओठाला हलवणारी मज्जातंतूची बारीक शाखा जाते. खोली किंवा जागा चुकली तर भाजणे, ओठ वाकडा होणे, कृश चेहऱ्यावर गालाची चरबी विरून खड्डा पडणे असे प्रकार घडतात. हातात कोणते यंत्र आहे आणि त्याला मान्यता कोणाची, हे पार्लरमधील मुलीला बहुधा माहीत नसते, आणि त्यात तिचा दोषही नसतो. हे काम त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडेच करून घ्यावे, आणि यंत्राचे नाव, मान्यता व वापरणाऱ्याची पात्रता स्पष्ट विचारावी.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय अडुसष्ट वर्षे आहे. दोन महिन्यांपासून त्यांची उजवी पापणी खाली येते, संध्याकाळी जास्त. पापणी उचलणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्या लावून पाहाव्यात का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आधी डॉक्टर, मग पट्टी. वयोमानानुसार पापणीची त्वचा सैल होते ती बहुधा दोन्ही बाजूंना आणि वर्षानुवर्षांत. दोन महिन्यांत एकाच बाजूची पापणी उतरणे आणि संध्याकाळी ती अधिक उतरणे हे मायस्थेनिया ग्रॅव्हिससारख्या स्नायू थकवणाऱ्या आजाराचे लक्षण असू शकते, म्हणून याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. वडिलांना एकाऐवजी दोन प्रतिमा दिसतात का, गिळताना ठसका लागतो का, बोलताना आवाज बसतो का, हे विचारून ठेवावे. पापणी एकाएकी पूर्ण मिटली, तीव्र डोकेदुखी सुरू झाली, बाहुलीचा आकार बदलला, तोंड वाकडे झाले, हातापायात अशक्तपणा आला किंवा श्वास लागू लागला, तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

आजाराचे निदान झाल्यावर तात्पुरता आधार लागला तर तो सोयीने देता येतो. तोंडावरून वारे गेलेल्या रुग्णांच्या उतरलेल्या गालाला आणि भुवईला भौतिकोपचारतज्ज्ञ वैद्यकीय पट्टीने आधार देतात, तसे पापणीसाठी चष्म्याच्या चौकटीला आतून बारीक तार बसवून मिळते. ती पापणीला वर धरते आणि चष्मा काढला की आधारही निघतो. पट्टी असो वा तार, पापणीची उघडझाप अडली तर डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होते. म्हणून तारेची उंची नेत्रतज्ज्ञांसमोर बसूनच ठरवून घ्यावी आणि त्यांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब नियमित घालावेत.