रासबेरी पायवर वेबकॅमचा लाइव्ह व्हिडिओ फार हळू चालतो. पाय ४ घेतला तर सुटेल का?

पाय ४ आत्ताच घेऊ नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही लक्षण तुमचा पाय ३बी (रासबेरी पाय या छोट्या संगणकाचं तुमच्याकडचं मॉडेल) कमी पडतोय असं सांगत नाही.

तुमची मांडणी अशी आहे: शिरोड्याचं चिऱ्यांचं घर, पाय ३बी, ७२०पीचा साधा यूएसबी वेबकॅम, त्यावर कॅमेऱ्याचं चित्र ब्राउझरला देणारं मोशन हे सॉफ्टवेअर आणि वीज मोबाईलच्या चार्जरवरून. ब्राउझरमध्ये सेकंदाला जेमतेम एक चित्र बदलतं, हात हलवला तर तो आठ-दहा सेकंदांनी दिसतो, आणि दिवेलागणीनंतर सगळं आणखी बिघडतं. चवथीला (गणेश चतुर्थीला) मुंबईच्या मंडळींना घरची आरती दाखवायची आहे.

चित्रं कमी येणं आणि चित्रं उशिरा येणं हे दोन वेगळे दोष आहेत. दोन्हींना आपण ‘स्लो’ म्हणतो आणि मग उगाच राउटर बदलत बसतो. म्हणून कॅमेरा ते पाय, पायच्या आत, आणि पाय ते बघणारा असे तीन टप्पे वेगवेगळे तपासा. (खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत टाका.)

सेकंदाला एकच चित्र येतंय याचा मला सर्वांत आधी संशय येतो तो मोशनच्या एका सेटिंगवर. ‘स्ट्रीम_मॅक्सरेट’ मूळ स्थितीत १ असतो, म्हणजे कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) देत असला तरी ब्राउझरला सेकंदाला एकच मिळते. /ईटीसी/मोशन/मोशन.कॉन्फ उघडून स्ट्रीम_मॅक्सरेट १५ करा, ‘फ्रेमरेट’ही १५ ठेवा, ‘स्ट्रीम_मोशन’ ऑफ आहे ना ते बघा. ते ऑन असेल तर समोर काही हलत नसताना गती मुद्दाम एका फ्रेमवर आणली जाते. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट मोशन’. बऱ्याच जणांचा अर्धा त्रास इथेच संपतो.

आता कॅमेरा. ‘व्ही४एल२-सीटीएल --लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट’ ही कमांड द्या (नसेल तर व्ही४एल-युटिल्स हे पॅकेज टाका). यादीत बहुधा दोन फॉरमॅट दिसतील, वाययूवायव्ही आणि एमजेपीजी. पहिला कच्चा, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट. ६४०×४८० ला ३० फ्रेम घेतल्या तर सेकंदाला १८.४ एमबी होतात. १२८०×७२० ला पिक्सेल बरोबर तिप्पट, म्हणून तेवढ्याच १८.४ एमबीत फक्त १० फ्रेम मावतात. ३० हव्या असतील तर ५५ एमबी लागतील, आणि यूएसबी २.० वर कॅमेऱ्याच्या अशा प्रवाहाला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २४ एमबी मिळतात. म्हणूनच कच्च्या ७२०पीपुढे यादीत १०, ७.५ किंवा ५ असे आकडे दिसतात. शिवाय पाय ३बीमध्ये चारही यूएसबी पोर्ट आणि लॅनचा पोर्ट एकाच यूएसबी २.० जोडणीतून प्रोसेसरकडे जातात, त्यामुळे कच्चा व्हिडिओ लॅनच्या वाटेतही आडवा येतो.

एमजेपीजीमध्ये कॅमेरा स्वतःच प्रत्येक फ्रेमची जेपेग करून पाठवतो. ७२०पीची एक फ्रेम साधारण १०० केबी धरली तर १५ फ्रेमना सेकंदाला दीड एमबी पुरतात. मोशनमध्ये हा फॉरमॅट मिळवायला पॅलेट ८ द्यायचा (१५ म्हणजे वाययूवायव्ही). आवृत्तीप्रमाणे तो ‘व्ही४एल२_पॅलेट’ या ओळीत असतो किंवा ‘व्हिडिओ_पॅराम्स’मध्ये.

मग मोशन बंद करा, नाहीतर कॅमेरा ‘बिझी’ म्हणेल, आणि कॅमेऱ्याची खरी गती मोजा:

व्ही४एल२-सीटीएल --सेट-एफएमटी-व्हिडिओ=विड्थ=१२८०,हाइट=७२०,पिक्सेलफॉरमॅट=एमजेपीजी --सेट-पार्म=१५
व्ही४एल२-सीटीएल --स्ट्रीम-एममॅप --स्ट्रीम-काउंट=१५०

दुसरी कमांड चालताना एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा दाखवते. इथे १५ आले तर कॅमेरा आणि केबल निर्दोष. इथेच ७ येत असतील तर वायफायला दोष देण्यात अर्थ नाही. ‘एलएसयूएसबी -टी’मध्ये कॅमेऱ्यापुढे ४८०एम दिसतंय ना तेही बघा. १२एम दिसलं तर एक्स्टेन्शन केबल किंवा पिन खराब आहे. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत यूएसबीच्या पिना लवकर काळ्या पडतात, तेव्हा कॅमेरा एकदा काढून थेट पायच्या पोर्टात लावून बघा.

हीच मोजणी दिवसा एकदा आणि दिवेलागणीनंतर एकदा करा, कारण संध्याकाळच्या बिघाडाचा नेटवर्कशी बहुधा काही संबंध नाही. उजेड कमी झाला की वेबकॅम एक्स्पोजर (एक फ्रेम टिपायचा वेळ) वाढवतो. ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जास्तीत जास्त ३३ मिलिसेकंद मिळतात. कॅमेऱ्याने ६६ घेतले की गती १५ वर येते, १३३ घेतले की ७.५ वर. कोणाला न विचारता तो हे करतो. ‘व्ही४एल२-सीटीएल --लिस्ट-सीटीआरएल्स-मेन्यूज’ने नियंत्रणांची यादी काढा. त्यात ‘एक्स्पोजर_डायनॅमिक_फ्रेमरेट’ दिसेल, जुन्या कर्नलमध्ये त्याचंच नाव ‘एक्स्पोजर_ऑटो_प्रायॉरिटी’ आहे. ते ० करा. गती टिकेल, पण चित्र काळोखं होईल, आणि त्यावर उजेड वाढवण्याखेरीज उपाय नाही. समईच्या उजेडावर कुठलाच स्वस्त वेबकॅम १५ फ्रेम नीट देत नाही. मखराच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या नजरेत थेट येणार नाही असा ९-१२ वॉटचा एलईडी बल्ब लावा. माटोळीवर (गणपतीवर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या चौकटीवर) वरून उजेड पडला तर फळं सुरेख दिसतात, पण गणपतीच्या मुखावर सावली येते, म्हणून बल्ब समोरून तिरपा हवा.

त्याच यादीत ‘पॉवर_लाइन_फ्रीक्वेन्सी’ असेल. ती १ म्हणजे ५० हर्ट्झ करा. पुष्कळ कॅमेरे ६० हर्ट्झवर येतात आणि मग दिव्यांच्या माळांपुढे चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. ही सेटिंग कॅमेरा काढला किंवा पाय रीस्टार्ट झाला की पुसली जाऊ शकतात. त्यामुळे स्ट्रीम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच या ओळी घाला.

मोबाईलचा चार्जर मात्र आजच बदला. पाय ३बीला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा पुरवठा लागतो. फोनची बारीक, लांब केबल अर्ध्या ओहमची असली तरी १ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो, आणि ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय १२०० मेगाहर्ट्झवरून ६०० वर येतो. कॅमेरा चालू असताना ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ द्या. उत्तर ०एक्स० हवं. ०एक्स५०००५ म्हणजे व्होल्टेज आत्ता कमी आहे, गती आत्ता उतरवलेली आहे, आणि दोन्ही आधीही घडलं आहे. ०एक्स५०००० म्हणजे आत्ता ठीक, पण सुरू केल्यापासून कधीतरी घडून गेलं. उष्णतेचा आकडा ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ने मिळतो. ८० अंशांपाशी गती उतरू लागते, आणि कौलांखाली बंद प्लास्टिकच्या डबीत ठेवलेला पाय तिथवर सहज पोचतो. झाकण काढा, छोटी हीटसिंक चिकटवा, एवढं पुरे.

आता उशीर. ब्राउझरमधला एमजेपेग (म्हणजे तोच एमजेपीजी) टीसीपी या नेटवर्कच्या पद्धतीने जातो, आणि टीसीपी काही गाळत नाही. वाट अरुंद असली की फ्रेम रांगेत साचतात आणि बघणारा मागे मागे पडतो. वर धरलेला दीड एमबीचा (मेगाबाइटचा) प्रवाह म्हणजे ८ पटीने १२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), तोही एका बघणाऱ्यासाठी. पाय ३बीचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे, राउटरची ५ गिगाहर्ट्झची जोडणी त्याला दिसतच नाही. जाड चिऱ्यांच्या दोन भिंती मध्ये आल्या, त्यातही पावसाळ्यात पाणी प्यालेल्या, की त्या वाटेचं फारसं काही उरत नाही. खात्री करायची तर आयपर्फ३ हे नेटवर्कची गती मोजणारं साधन वापरा: पायवर ‘आयपर्फ३ -एस’ आणि लॅपटॉपवर ‘आयपर्फ३ -सी’ पुढे पायचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि ‘-आर’ (कॅपिटल अक्षर) द्या, म्हणजे पायकडून लॅपटॉपकडची गती मोजली जाते. लॅपटॉप राउटरला केबलने जोडलेला असावा, नाहीतर त्याचंच वायफाय मोजलं जाईल. आकडा २० एमबीपीएसच्या खाली असेल तर ७२०पीचा हट्ट सोडा. ६४०×४८०, १० फ्रेम, प्रत्येकी ३५ केबी धरली तर काम २.८ एमबीपीएसमध्ये भागतं.

वायफायची वीजबचत बंद करूनही फरक पडतो: ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सेट पॉवर_सेव्ह ऑफ’. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर राउटरपासून पायपर्यंत कॅट ५ईची केबल ओढा. १०० मीटरपर्यंत चालते, खिडकीच्या चौकटीतून निघते, आणि हा अख्खा परिच्छेद निरर्थक ठरतो.

मोशन हे मुळात हालचाल टिपायचं साधन आहे. ते प्रत्येक जेपेग उलगडतं, आधीच्या चित्राशी ताडून बघतं आणि परत जेपेग करतं. कुळागरात (पोफळीच्या बागेत) कोण शिरलं हे बघायचं असेल तर ठीक, नुसतं दाखवायचं असेल तर ही फुकटची मेहनत आहे. त्यापेक्षा यूस्ट्रीमर वापरा. तो कॅमेऱ्याची जेपेग जशीच्या तशी पुढे देतो:

यूस्ट्रीमर --डिव्हाइस=/डेव्ह/व्हिडिओ० --फॉरमॅट=एमजेपेग --एन्कोडर=एचडब्ल्यू -आर १२८०x७२० --डिझायर्ड-एफपीएस=१५ --होस्ट=०.०.०.० --पोर्ट=८०८०

--होस्ट विसरलात तर तो फक्त पायच्याच आत दिसतो आणि बाहेरून ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं.

घरात हे उत्तम चालेल. मुंबईला मात्र हा प्रवाह पाठवू नका. दहा जणांनी उघडला तर तुमच्या लाइनवर १२० एमबीपीएसचा अपलोड होईल. शिवाय राउटरवर ८०८० पोर्ट उघडून ठेवणं म्हणजे घराचं दार सताड उघडं. तिथे एच.२६४ (व्हिडिओ खूप लहान करणारा फॉरमॅट) हवा, आणि पाय ३बीच्या चिपमध्ये तो तयार करणारा हार्डवेअर एन्कोडर आहे. पायवरून एकच प्रवाह यूट्यूब लाइव्हला ‘अनलिस्टेड’ (लिंक असलेल्यांनाच दिसेल असा) ठेवून पाठवा, पुढे कितीही जणांनी बघितलं तरी भार यूट्यूबवर. त्यासाठी एफएफएमपेग हा व्हिडिओ रूपांतर करून पाठवणारा प्रोग्रॅम वापरा. त्याच्या कमांडची मुख्य अंगं अशी:

कॅमेरा: -एफ व्ही४एल२ -इनपुट_फॉरमॅट एमजेपेग -व्हिडिओ_साइझ १२८०x७२० -फ्रेमरेट १५ -आय /डेव्ह/व्हिडिओ०
आवाज: -एफ अल्सा -थ्रेड_क्यू_साइझ १०२४ -आय प्लगएचडब्ल्यू:१
बाहेर: -पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी -सी:व्ही एच२६४_व्ही४एल२एम२एम -बी:व्ही १५००के -जी ३० -सी:ए एएसी -बी:ए १२८के -एफ एफएलव्ही, आणि पुढे यूट्यूबने दिलेला पत्ता व की

-इनपुट_फॉरमॅट हा -आयच्या आधीच यायला हवा. नंतर लिहिला तर तो कॅमेऱ्याला लागूच होत नाही. -पिक्स_एफएमटी लागतो कारण वेबकॅमची जेपेग सहसा ४२२ प्रकारची (रंगांची माहिती साठवायची एक पद्धत) असते आणि एन्कोडरला ४२० हवी. -जी ३० म्हणजे १५ फ्रेमला दर दोन सेकंदांनी एक की-फ्रेम (स्वतंत्र, पूर्ण चित्र), यूट्यूबला तेवढंच हवं असतं. प्लगएचडब्ल्यूपुढचा १ हा माइकच्या कार्डाचा क्रमांक, तो ‘एरेकॉर्ड -एल’मध्ये बघून घ्या. वेबकॅमचा माइक झांजांपुढे फाटतो, म्हणून ‘अल्सामिक्सर’मध्ये एफ४ दाबून त्याची पातळी निम्म्यावर आणा. कॅमेरा एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो, तेव्हा हे सुरू करण्याआधी यूस्ट्रीमर बंद करा.

यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायचं तर परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. खातं आठवडाभर आधी तयार ठेवा, चवथीच्या सकाळी नको. तिथे काही सेकंदांचा उशीर राहणारच. आरती बघणाऱ्याला तो जाणवत नाही, उलट बोलायचं असेल तर व्हिडिओ कॉल करावा. आणि भाद्रपदातल्या पावसात वीज जाते-येते, म्हणून पाय, राउटर आणि फायबरची डबी या तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्या. एक जरी सुटली तरी बाकीच्या दोघींचा उपयोग नाही.

पाय ४ कधी घ्यावा? ५ गिगाहर्ट्झ वायफाय हवंच असेल तेव्हा, किंवा दोन कॅमेरे लावायचे असतील तेव्हा, कारण त्यात लॅन यूएसबीपासून वेगळं आहे. पाय ५ या कामासाठी मी सुचवणार नाही. त्यात एच.२६४चा हार्डवेअर एन्कोडरच नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ३बीवरच दुसरा कॅमेरा लावून बघितलात आणि ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश आला, तर एसडी कार्ड रिकामं करत बसू नका. जागा संपली ती यूएसबीच्या वाटेवरची. दोन्ही कॅमेरे एमजेपीजीवर आणा आणि गती १० फ्रेमवर ठेवा. तरीही तोच संदेश आला तर दोन्ही ६४०×४८० वर उतरवा.