गेम इंजिन गेलं, खेळ कुठे गेला?

प्रश्न: मी शाळेत चित्रकला शिकवतो. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या २.७९ आवृत्तीतल्या गेम इंजिनवर (खेळ चालवणाऱ्या भागावर) मुलांसाठी भुलभुलैयाचा खेळ केला होता. नव्या ब्लेंडरमध्ये ते इंजिनच सापडत नाही. सगळी मेहनत पाण्यात गेली का?
— एक वाचक, मिरज

उत्तर: नाही हो सर! २०१९ च्या जुलैत आलेल्या २.८० मधून इंजिन काढून टाकलं, पण २.७९ ब्लेंडरच्या साइटवर अजून फुकट मिळतं. आधी मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. माझी एक फाइल मी नव्या ब्लेंडरमध्ये उघडून सवयीने सेव्ह केली. मॉडेलं शाबूत, लॉजिक ब्रिक्स (खेळाचे नियम जोडायचे ठोकळे) गायब! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

ब्लेंडरचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे, म्हणून हौशी मंडळींनी तेच इंजिन ‘यूपीबीजीई’ नावाने चालू ठेवलंय. लॉजिक ब्रिक्स तिथे आहेत. पायथन भाषेत लिहिलेल्या कोडच्या ओळींत मात्र थोडी डागडुजी लागेल.

नवा खेळ करणार असाल तर गोडो हे गेम इंजिन घ्या. तेही खुलं आणि फुकट. मॉडेलं जीएलटीएफ या फाइल-प्रकारात काढून तिथे नेता येतात, खेळाचे नियम पुन्हा लिहावे लागतात. भुलभुलैयाच आहे, दिवाळीच्या सुट्टीत होईल.